मानाची नव्हे, गरजेची जागा

एखाद्या समाजात अधिकाराला किती मान आहे आणि गरजेला किती, हे जाणून घ्यायचे असेल तर तेथील सार्वजनिक इमारतींच्या प्रवेशद्वारासमोरचे पहिले तीस मीटर पाहावेत. त्या अंतरात कोणाची वाहने उभी राहतात आणि कोणाला मागे जायला सांगितले जाते, यावरून कायद्याच्या पुस्तकातून कळत नाहीत अशा पुष्कळ गोष्टी उलगडतात.

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरी हे अशा निरीक्षणासाठी सोयीचे ठिकाण आहे. मूळचे हे तळ्याकाठचे गाव. तेथील दंडीश्वर मंदिरातील शिलालेख त्याचा इतिहास चोळांच्या काळापर्यंत मागे नेतात. पण आज दिसणारे वेलचेरी जवळजवळ सगळे गेल्या दोन-अडीच दशकांतले आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये उन्नत लोहमार्ग येथपर्यंत पोहोचला. २०१३ मध्ये मोठा मॉल सुरू झाला. पुढे विजयनगर चौकात दोन पातळ्यांचा उड्डाणपूल उभा राहिला. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कचेऱ्या, रुग्णालये, उपाहारगृहे आणि गृहसंकुले यांनी उरलेली जमीन व्यापली.

या तारखांना महत्त्व आहे. अपंग व्यक्तींना समान संधी देणारा देशातील पहिला सर्वंकष कायदा १९९५ चा. तो फेब्रुवारी १९९६ मध्ये अमलात आला. सार्वजनिक इमारतींतील उतरंडी आणि चाकाच्या खुर्चीला साजेशी स्वच्छतागृहे यांचा उल्लेख त्यातही होता. म्हणजे दक्षिण मुंबईतील किंवा पुण्याच्या पेठांतील इमारतींना जी सबब सांगता येते, ती वेलचेरीसारख्या नव्या उपनगराला सांगता येत नाही. तेथे इमारती कायद्यानंतर आल्या. त्यामुळे येथे प्रश्न दगडविटांचा कमी आणि वागण्याचा अधिक आहे. निळ्या रंगात रंगवलेली जागा असते. पण तिच्यावर दुसऱ्याच कोणाची मोटार इंडिकेटर लुकलुकत ठेवून उभी असते. दारावर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेले स्वच्छतागृह असते. पण त्याला कुलूप असते, किंवा आत बादल्या, पोछे आणि खोकी रचलेली असतात. हे दृश्य एकट्या वेलचेरीचे नाही. देशातील कोणत्याही नव्या, सुखवस्तू उपनगरात ते आढळते, आणि म्हणूनच त्याचा विचार राष्ट्रीय प्रश्न म्हणून करायला हवा.

पालखीपासून पोर्चपर्यंत

आपल्याकडे दाराजवळची जागा ही नेहमीच मानाची जागा राहिली आहे. मराठेशाहीत पालखी आणि अबदागिरी यांचा मान सरकारातून मिळत असे आणि तो सांभाळण्यासाठी नेमणूकही बांधून दिली जाई. इंग्रजी अमलात उत्तर हिंदुस्थानात गोऱ्या अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसण्याचा अधिकार कोणाला आहे, हे सांगणारी ‘कुर्सीनशीन’ प्रमाणपत्रे दिली जात. कचेरीच्या पोर्चपर्यंत कोणाचे वाहन जाईल आणि कोणी फाटकापाशी उतरून चालत यायचे, याचे अलिखित नियम प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी होते. स्वातंत्र्यानंतर माणसे बदलली, पोर्च तसेच राहिले. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील लाल दिवे उतरवले गेले. पण पहिली जागा साहेबांची, ही समजूत सरकारी नोकरीत अनेक वर्षे काढलेल्या कोणालाही नवी नाही. आता त्या समजुतीत मोठ्या गाडीच्या मालकांचीही भर पडली आहे.

या परंपरेच्या पार्श्वभूमीवर जमिनीवर रंगवलेले ते पांढरे चिन्ह फार वेगळे काही सांगते. १९६८ मध्ये सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने ते रेखाटले. मूळ आराखड्यात केवळ रिकामी खुर्ची होती. तिच्यात बसलेल्या माणसाचे डोके नंतर जोडले गेले. या चिन्हाचा अर्थ असा की दाराजवळची जागा अधिकाराच्या क्रमाने नव्हे, तर गरजेच्या क्रमाने मिळेल. शतकानुशतकांचा मानपानाचा हिशेब उलटा करणारी ही मांडणी आहे. म्हणूनच तिच्याविरुद्ध उघड बंड होत नाही. तिच्याकडे सहज काणाडोळा होतो.

रिकामी म्हणजे वाया गेलेली नव्हे

अशा जागेवर गाडी लावणारा बहुधा दोन कारणे देतो: ‘दोनच मिनिटांचे काम आहे’ आणि ‘जागा रिकामीच होती’. दोन्ही कारणे ती जागा कशासाठी आहे याच्या अज्ञानातून येतात.

राखीव जागा दाराजवळ असते हे सर्वांच्या लक्षात येते. ती रुंद असते हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. आदर्श बांधकाम उपविधींनुसार तिची रुंदी किमान ३.६ मीटर हवी, आणि इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ती ३० मीटरच्या आत हवी. नेहमीच्या मोटारीची जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. वरचा सुमारे एक मीटर हेच या जागेचे खरे प्रयोजन आहे. मोटारीचे दार पूर्ण उघडायचे, घडीची खुर्ची बाहेर काढून उलगडायची, ती आसनाशेजारी आणायची आणि हातांच्या जोरावर शरीर एका आसनावरून दुसऱ्यावर न्यायचे, एवढे सारे त्या मीटरभर जागेत होते. शेजारच्या आखलेल्या पट्ट्यात कोणी स्कूटर लावली तरी हे अशक्य होते. इतरांना ही जागा अडली तर पन्नास पावले जास्त चालावे लागते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला मात्र गाडीतून उतरताच येत नाही. त्याला परत जावे लागते. दोन मिनिटांची किंमत अशी दोघांसाठी सारखी नसते.

जागा रिकामी असणे हा तिचा दोष मानणे तर अधिकच चुकीचे. अग्निशमन दलाचा बंब दिवसभर उभा राहिला म्हणून तो कोणी भाड्याने देत नाही. कधीतरी, न सांगता येणाऱ्या माणसासाठी जागा मोकळी असणे, हेच तिचे काम आहे.

आणखी एक भारतीय वास्तव आपल्या आराखड्यांनी पाहिलेलेच नाही. राखीव जागा मोटारीसाठी आखली जाते. पण आपल्याकडे स्वतः वाहन चालवणाऱ्या पुष्कळ अपंग व्यक्ती मागे जोडचाके लावलेल्या स्कूटरवर फिरतात. तमिळनाडू सरकार तर पात्र व्यक्तींना अशा स्कूटर विनामूल्य देते. ही स्कूटर दुचाकींच्या दाटीच्या रांगेत मावत नाही आणि मोटारीच्या जागेवर तिला उभी राहू दिले जात नाही. ‘दुचाकी तळघरात’ असे सांगून तिला खाली पाठवले, की चढावरून वर येण्याचा प्रश्न पुन्हा उभाच. राखीव जागेवर हक्क माणसाचा आहे, मोटारीचा नाही, हे वाहनतळ चालवणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत सांगण्याची गरज आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. घरातील अपंग ज्येष्ठांच्या नावावर घेतलेली गाडी त्यांना न घेता बाहेर पडली असेल, तर त्या जागेवर तिचा अधिकार नाही. त्या व्यक्तीला पोर्चमध्ये नीट उतरवून घेतल्यानंतर चालकाने गाडी इतरत्र नेणे शक्य असेल, तर तेच योग्य. सवलत कुटुंबाची नसून गरज असलेल्या व्यक्तीची असते.

स्वच्छतागृहाचा न्याय वेगळा

वाहनतळावरील जागा आणि स्वच्छतागृह यांना एकाच मापाने मोजल्याने बराच गोंधळ होतो. वाहनतळावर आरक्षण आहे: ज्याला हक्क नाही त्याने ती जागा मुळीच वापरू नये. स्वच्छतागृहात मात्र अग्रक्रम आहे. मोठे दार, आधाराचे दांडे आणि खुर्ची वळवण्यास पुरेशी जागा असलेला तो कक्ष त्याची गरज असलेल्या प्रत्येकासाठी आहे, आणि ही गरज बाहेरून ओळखता येईलच असे नाही. गुडघे निकामी झालेल्या आजीबाई, कुबड्या घेतलेला तरुण, पोटावर पिशवी लावावी लागलेला रुग्ण, मूत्राशयाच्या विकारामुळे क्षणभरही थांबू न शकणारी व्यक्ती, वाढत्या वयाच्या स्वमग्न मुलाला सोबत घेऊन आलेली आई, हे सारे त्यात येतात.

म्हणून येथील शिष्टाचार साधा आहे. इतर शौचकूप मोकळे असतील आणि आपले त्यांत भागत असेल, तर ते वापरावेत. रांग असेल आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती आली, तर तिला काही न विचारता पुढे जाऊ द्यावे. तिच्यासाठी तेवढा एकच दरवाजा आहे, आपल्यासाठी अनेक. कपडे बदलण्यासाठी, फोनवर बोलण्यासाठी किंवा केवळ ऐसपैस आहे म्हणून तो कक्ष अडवू नये. आतील व्यक्तीला वेळ लागला तर दारावर थापा मारू नयेत. उतरणे, बसणे, पुन्हा खुर्चीवर येणे याला वेळ लागतोच. आधाराच्या दांड्यावर ओला पंचा वाळत घालू नये.

आणि जमीन कोरडी ठेवावी. हा नियम परदेशी पुस्तिकांत ठळकपणे आढळत नाही, कारण पाण्याची फवारणी आपल्या सवयीची आहे. ओल्या फरशीवर कुबडीचे टोक घसरले तर होणारा अपघात हाड मोडण्यापर्यंत जातो. सफाई करणाऱ्यांनीही पाणी ओतून जाण्याऐवजी पुसून जाणे, एवढ्या एका बदलाने पुष्कळ साधेल.

याहून अवघड प्रश्न सोबत्याचा आहे. अनेक इमारतींत सुगम्य कक्ष पुरुषांच्या किंवा स्त्रियांच्या विभागाच्या आत असतो. पक्षाघात झालेल्या पत्नीला पतीने, किंवा वृद्ध वडिलांना मुलीने आत न्यायचे कसे? बाहेरून स्वतंत्र दार असलेला, स्त्री-पुरुष भेद नसलेला एक कक्ष हे त्याचे उत्तर आहे. नवीन बांधकामात त्याचा खर्च जवळजवळ नाही. तो आराखड्याच्या वेळी सुचायला हवा, इतकेच. मुंबईत २०११ च्या सुमारास ‘राइट टु पी’ ही चळवळ उभी करणाऱ्या स्त्रियांनी एक गोष्ट शासनाच्या गळी उतरवली होती: स्वच्छतागृह नसले की माणूस घराबाहेर पडण्याचे टाळतो, पाणी पिण्याचे टाळतो आणि आजारी पडतो. कुलूप लावलेले सुगम्य स्वच्छतागृह हेच करते. किल्ली सुरक्षारक्षकाकडे आहे, हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. तो रक्षक जेवायला गेलेला असू शकतो.

संशयाचे सोवळे

राखीव सोयींचा गैरवापर थांबवण्याच्या उत्साहात दुसरा अन्याय होऊ शकतो. गाडीतून उतरून चार पावले चालणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला काय झाले आहे?’ असे विचारले जाते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी २१ प्रकार मान्य केले. त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे. यांतील अनेक अवस्था पाहणाऱ्याला दिसत नाहीत. काही सकाळी नसतात आणि संध्याकाळी असतात. चाकाची खुर्ची वापरणारे सगळेच उभे राहू शकत नाहीत, असेही नाही. ब्रिटनमध्ये १९७१ पासून वाहनावर लावण्याचे परवाने दिले जात आले. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वालाही ते अधिक स्पष्टपणे खुले झाले.

तेव्हा नागरिकाची भूमिका अशी असावी: स्वतः जागा अडवू नये, इतर कोणी अडवली तर व्यवस्थापनाला कळवावे, पण समोरच्याकडून त्याच्या शरीराचा खुलासा मागू नये. अपंग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे हा याच अधिनियमाच्या कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे, याचे भान असलेले बरे.

पण तपासणी नागरिकाने करायची नाही, तर ती कोणी करायची? आज हे काम वाहनतळावरच्या सुरक्षारक्षकावर पडते. तो कंत्राटी कामगार असतो, दिवसातील बारा-बारा तास उभा असतो आणि ग्राहकाने तक्रार केली तर त्याची नोकरी जाऊ शकते. मोठ्या गाडीतून उतरणाऱ्याला ‘येथे लावू नका’ असे सांगण्याचे बळ त्याच्यापाशी कोठून येणार? त्याच्या हातात ना परवान्याची यादी, ना दंडाची पावती, ना व्यवस्थापनाचा लेखी आदेश. शिष्टाचाराचा सगळा भार असा साखळीतील सर्वांत दुबळ्या माणसावर टाकून आपण मोकळे झालो आहोत.

कायदा आहे, त्याचा हात नाही

कायद्याची उणीव नाही. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अडचण अशी झाली की २०१७ च्या नियमांनी ज्या मानकांकडे बोट दाखवले ती मार्गदर्शक स्वरूपाची होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नेमके यावर बोट ठेवले. कायदा बंधनकारक असताना नियम शिफारशीवजा असू शकत नाहीत, असे सांगून न्यायालयाने नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत वेगळी काढण्यास केंद्राला फर्मावले. त्यांचे पालन न झाल्यास दाखले रोखणे आणि दंड करणे या तरतुदी वापराव्यात, असेही बजावले.

मात्र पूर्णत्वाचा दाखला एकदाच दिला जातो. त्या दिवशी निळी जागा मोकळी असते आणि स्वच्छतागृह लखलखीत असते. दाखला मिळाल्यानंतर सहा महिन्यांनी तेथे काय आहे, हे पाहायला कोणी येत नाही. खासगी आवारातील वाहनतळ असल्याने वाहतूक पोलीसही हात झटकतात. शिवाय वाहनाच्या काचेवर लावता येईल असा, देशभर मान्य असलेला परवाना आपल्याकडे नाही. अपंगत्वाचे राष्ट्रीय ओळखपत्र आहे, वाहन नोंदणीच्या अर्जात २०२० पासून दिव्यांग मालकीची स्वतंत्र नोंदही आहे. पण राखीव जागेवर उभ्या असलेल्या गाडीचा हक्क रक्षकाला एका नजरेत कळेल, असे काही नाही. चाकाच्या खुर्चीच्या चित्राची चिकटपट्टी कोणीही विकत घेऊ शकतो.

याच्या तुलनेत मुंबईच्या उपनगरी गाडीतील दिव्यांगांचा राखीव डबा पाहावा. तेथेही धडधाकट प्रवासी घुसतात, वादावादी होते. पण त्या डब्याची जागा फलाटावर ठरलेली आहे, तेथे गर्भवती स्त्रिया आणि कर्करुग्ण यांनाही मुभा आहे हे जाहीर आहे, आणि बेकायदा घुसणाऱ्यावर कारवाई करण्याचा अधिकार रेल्वे सुरक्षा दलाकडे आहे. जागा, हक्कदार आणि अंमलदार या तिन्ही गोष्टी ठरलेल्या असल्यामुळे तेथे नियम निदान जिवंत आहे. मॉलच्या वाहनतळावर यांतील पहिली गोष्ट आहे; उरलेल्या दोन नाहीत.

काय करता येईल

तमिळनाडू या विषयात उदासीन राज्य नाही. तेथे ‘मात्रुत्तिरनाळी’, म्हणजे वेगळी क्षमता असलेला, हा शब्द शासनाने २०१० पासून रूढ केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मरिना किनाऱ्यावर चाकाची खुर्ची समुद्राजवळ नेता येईल असा २६३ मीटरचा लाकडी मार्ग खुला झाला. पुढच्याच महिन्यात मांदूस चक्रीवादळाने त्याची नासधूस केली आणि तो दुरुस्त करावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये विधानसभेने स्थानिक स्वराज्य संस्थांवर अपंग व्यक्तींना नामनिर्देशित करण्याची तरतूद मंजूर केली. माझ्या मते यातील सर्वांत दूरगामी पाऊल हेच आहे. वाहनतळाची जागा किती रुंद असावी हे अभियंता सांगू शकतो. ती अडली म्हणजे काय होते, हे तो सांगू शकत नाही.

त्या आधारावर चार गोष्टी कोणत्याही राज्याला, महाराष्ट्रालाही, फारसा खर्च न करता करता येतील. पहिली, राष्ट्रीय ओळखपत्राशी जोडलेला क्रमांकित परवाना परिवहन विभागाने व्यक्तीच्या नावे द्यावा, म्हणजे ती ज्या वाहनात असेल तेथे तो लावता येईल; पाय मोडलेल्यांना तो तात्पुरताही मिळावा. दुसरी, मॉल, रुग्णालय आणि कचेरी यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी राखीव जागा आणि स्वच्छतागृह यांची अचानक पाहणी व्हावी आणि तिच्यात नामनिर्देशित अपंग सदस्य असावेत. तिसरी, दंडाचा अधिकार आणि जबाबदारी व्यवस्थापनावर लेखी सोपवावी, म्हणजे रक्षकाला नियम दाखवता येईल, याचना करावी लागणार नाही. चौथी, शासकीय कचेऱ्यांनी सुरुवात स्वतःपासून करावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खार येथील विवाह नोंदणी कार्यालय लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असल्याने चाकाच्या खुर्चीवरील एका नववधूला उचलून वर न्यावे लागले आणि उपमुख्यमंत्र्यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. अशा प्रसंगांनंतर खासगी मॉलला धडे देण्याचा शासनाचा नैतिक अधिकार क्षीण होतो.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतील सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात आणि ११ लाख ८० हजार तमिळनाडूत होत्या. ही मोजणी आठच प्रकारांची होती. त्याच जनगणनेत साठीपुढील नागरिक १० कोटींहून अधिक होते आणि त्यांची संख्या वाढतेच आहे. आज ज्या रुंद दाराकडे आपण दुसऱ्याची सोय म्हणून पाहतो, त्यातून उद्या आपल्यातील बहुतेकांना जायचे आहे. मानाची जागा मिळवावी लागते आणि पद गेले की ती जाते, हा अनुभव निवृत्तीनंतर प्रत्येक अधिकाऱ्याला येतो. गरजेची जागा मात्र कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसावी. ती मोकळी ठेवणे एवढेच काम आपल्याकडे मागितले आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून इतिहासाचे अभ्यासक आहेत.)